डोळ्यांवर होतं म्हणून

यामिनीचा ठोसा सुचेताच्या तोंडावर बसला तेव्हा घरातले सगळे हसत होते.

भाऊंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. भाऊ म्हणजे सुचेताचे सासरे, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे दोन मुलगे, केदार आणि आल्हाद, भिवंडीत एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहत. थोरल्या केदारची बायको सुचेता, हायस्कुलात गणित शिकवणारी. धाकट्या आल्हादची यामिनी जवळच्या वळ गावातल्या एका गोदाम कंपनीत होती. कुठली गाडी कधी भरायची आणि कधी सोडायची, हे ती बघायची. जेवण आल्हादकडे ठेवलं होतं, कारण त्याला सगळ्यांना आपली नवी वस्तू दाखवायची होती.

गेम खेळायचा कन्सोल त्याच्याकडे आधीपासून होता. आता त्याने त्याला जोडायचा व्हीआर हेडसेट आणला होता. पांढरा, जाडजूड, डोक्यावरून ओढून डोळ्यांवर बसवायचा. दोन्ही हातांत कडं असलेले कंट्रोलर धरायचे. "एकदा घातला की आपण घरात नसतोच," आल्हाद सांगत होता. त्याने सोफा भिंतीला लावला होता, टीपॉय आतल्या खोलीत नेला होता. केदारने विमान चालवून बघितलं आणि मळमळतंय म्हणून काढून ठेवलं. मग यामिनी उठली. तिने पदर खोचला आणि बॉक्सिंग लावलं.

ती चांगली खेळत होती. खाली वाकत होती, बाजूला सरत होती, समोरच्या हवेला ठोसे देत होती. साडीतली बाई असं करताना बघून केदारला हसू आवरेना. भाऊही हसले. सुचेता स्वयंपाकघरातून बासुंदीच्या वाट्यांचा ट्रे घेऊन आली आणि लांब, फ्रिजजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. खेळ संपला की वाट्या द्यायच्या, असा तिचा विचार.

यामिनी वळली. खेळता खेळता फ्रिजच्या दिशेने पुढे आली. मग थांबली, हात खाली सोडून. आणि मग तिचा उजवा हात आला.

कंट्रोलरचं कडं सुचेताच्या वरच्या ओठावर बसलं. ट्रे पडला. तोंडात आधी बासुंदीसारखं काहीतरी गोड आहे असं तिला वाटलं, पण ते रक्त होतं. पुढच्या दाताचा अर्धा तुकडा तिच्या जिभेवर होता.

यामिनीने हेडसेट वर केला. "वहिनी, तुम्ही होय? मला काय दिसतंय यातून."

आल्हाद बर्फ आणायला धावला. केदार फरशी पुसायला लागला, म्हणजे त्याला बायकोकडे बघावं लागलं नाही. भाऊंनी दोन मिनिटं जाऊ दिली आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "अपघात आहे. डोळ्यांवर होतं, दिसलं नाही. यावरून कुणी कुणाला काही बोलायचं नाही."

सुचेताने तुकडा हातरुमालात थुंकला आणि आपल्या घरी निघून गेली.

या दोघींचं वैर जुनं नव्हतं. सुरुवातीला बरं चाललं होतं, निदान वाईट चाललं नव्हतं. गेल्या वर्षी सासूबाई, आनंदीबाई, गेल्या आणि तिथून सगळं बिघडलं. तेव्हा सासू-सासरे आल्हादकडे राहत. एका दुपारी आनंदीबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. यामिनी आतल्या खोलीत कानांवर हेडफोन लावून कंपनीच्या मीटिंगला बसलेली. तिला हाका ऐकू आल्या नाहीत. आनंदीबाई ओल्या फरशीवर बराच वेळ पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया झाला आणि त्या उठल्याच नाहीत.

सुचेताने तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं. भेटायला आलेल्यांना, शाळेतल्या बाईंना, हळदीकुंकवाला, यामिनीच्या स्वतःच्या आईलासुद्धा. वाक्य ठरलेलं होतं. "घरात माणूस असून आई एकट्या पडून राहिल्या. कानात घातलं होतं ना, ऐकू कसं येणार." यामिनी समोर असली तरी सांगायची. समोर असली तर जरा जास्त स्पष्ट सांगायची. दिवसकार्य झाल्यावर भाऊंना तिने आपल्या घरी आणलं, म्हातारा माणूस आता तिच्या भरवशावर कसा ठेवायचा म्हणून. भाऊ काही न बोलता आले. त्यांना कमी मिठाची भाजी लागते, दूध कोमट लागतं, हे सगळं सुचेताने मनापासून केलं. बिचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बायको गेली, असं ती म्हणायची.

दाताला कॅप बसेपर्यंत तिला मास्क लावून शाळेत जावं लागलं. नववीच्या वर्गात "समीकरण" म्हणताना हवा सुटायची आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी तशीच शिट्टी वाजवायचं. तिने एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, मग कळलं की शिट्टी तिने वाजवलीच नव्हती. घरी केदार म्हणाला, "सोड ना आता. मुद्दाम कोण करेल?"

"तू फरशी पुसत होतास," सुचेता म्हणाली.

आल्हादला मात्र चैन नव्हती. तो तसा साधा माणूस. वहिनीने त्याच्या हातचा चहा नाकारला, दिवाळीचा फराळ परत पाठवला, याचं त्याला लागलं होतं. एका शनिवारी दुपारी यामिनी ड्युटीवर असताना तो समोरून आला आणि दारातच उभा राहिला.

"वहिनी, एकदा तो हेडसेट घालून बघा. फक्त एकदा. आत किती अंधार असतो, माणूस कसा हरवतो, ते तुम्हाला कळेल. मग तुमचा राग जाईल."

तिला हसू आलं. पण ती गेली. गेली कारण तिला नाही म्हणायचा कंटाळा आला होता.

आल्हादने हेडसेट तिच्या डोक्यावर बसवला, मागचं बटण फिरवून घट्ट केलं. हॉल गेला. ती एका उजळ रिंगमध्ये उभी होती, भोवती लोकांचा गलका, समोर एक दांडगा माणूस हातमोजे आपटत होता. तिने खरोखर दचकून हात वर केले. आल्हादचं खरं होतं. इथे ना फ्रिज होता, ना भिंत. तिला क्षणभर यामिनीची बाजू पटली, आणि ती पटली याचाच राग आला.

दांडगा अंगावर आला. ती मागे सरली, अजून मागे. पायाशी जाळीसारख्या निळ्या रेघा उमटल्या. तिने आणखी एक पाऊल टाकलं आणि रिंग विझली. तिच्यासमोर आल्हादचा हॉल होता. रंग नव्हते, जुन्या फोटोसारखा करडा, पण सगळं स्वच्छ दिसत होतं. सोफा, पंखा, खिडकीचे गज. बाजूला फ्रिज. आणि सोफ्यावर बसून बिस्किट चहात बुडवणारा आल्हाद.

"भावजी," ती तशीच उभी राहून म्हणाली, "तुमचं बिस्किट पडलं चहात."

आल्हादने कपात बघितलं. "तुम्हाला दिसलं?"

"दिसतंय. हे काय झालं?"

"ते… सुरुवातीला आपण जमिनीवर एक वर्तुळ आखून घेतो ना. त्याच्या बाहेर पाय गेला की खेळ थांबतो आणि खोली दिसायला लागते. म्हणजे माणूस कुठे आपटू नये, कुणाला लागू…"

तो बोलायचा थांबला. सुचेताने हेडसेट काढला. ती फ्रिजजवळ उभी होती, जवळपास त्याच जागी.

"त्या दिवशी वर्तुळ केवढं होतं?"

"एवढंच," आल्हाद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "वहिनी, तिला कळलं नसेल. एवढ्या झटक्यात कुणाला कळतं? हात आधीच निघालेला असेल."

"ती थांबली होती. हात खाली सोडले होते तिने. मी बघितलंय."

आल्हादने कप खाली ठेवला. त्यालाही आठवत असावं.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊ रोज संध्याकाळी चहाला आल्हादकडे जात, जुनी सवय होती. सुचेता त्यांच्या मागोमाग गेली आणि केदारलाही घेऊन गेली. यामिनी घरीच होती. सुचेताने सरळ सांगितलं, काय झालं आणि तिला काय दिसलं ते. मग म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी निवाडा तुम्ही दिलात. तर हे तुम्हीच घालून बघा. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

भाऊ नको म्हणाले. मान दुखते, चष्मा आहे. आल्हाद खालच्या आवाजात म्हणाला, "चष्म्यावरून बसतो, भाऊ." यामिनी खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. ती भाऊंकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे सुचेताला तेव्हा खटकलं.

हेडसेट चढवला. सुचेताने भाऊंच्या कोपराला धरून त्यांना मधोमध उभं केलं. त्यांनी मान वर करून इकडेतिकडे बघितलं, म्हणाले, "केवढी माणसं आहेत." मग तिने त्यांना फ्रिजच्या दिशेने नेलं आणि हात सोडला. वाटेत, वर्तुळाच्या बाहेर, प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर त्यांचाच चहाचा कप. भाऊ पुढे निघाले. स्टुलापाशी आले, किंचित थांबले, डावीकडून वळसा घातला आणि फ्रिजपाशी जाऊन उभे राहिले. कपाला त्यांचं धोतरही लागलं नाही.

सगळ्यांनी ते बघितलं.

भाऊंनी दोन्ही हातांनी हेडसेट काढला. चष्मा नीट केला.

"मला काही दिसलं नाही," ते म्हणाले. "नुसता अंधार आहे."

"भाऊ, मग स्टूल कसं चुकवलंत?"

"इतकी वर्षं राहिलोय मी या घरात. डोळे मिटून चालेन. विषय संपला."

ते चहा न घेता परत गेले. केदार त्यांच्या मागे गेला. आल्हाद हेडसेट हातात धरून त्याची वायर गुंडाळत बसला, सोडवत बसला, पुन्हा गुंडाळत बसला.

सुचेता स्वयंपाकघरात गेली. यामिनी ओट्यापाशी भांडी लावत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"तू मला बघितलंस."

"बघितलं," यामिनी म्हणाली. "ट्रेमधल्या वाट्यासुद्धा दिसत होत्या."

सुचेताला वाटलं होतं ती नाकारेल. नाकारलं असतं तर भांडता आलं असतं.

"आता तुम्ही बाहेर जाऊन सांगा सगळ्यांना. सांगायची सवय आहेच तुम्हाला. मी म्हणेन, असं काही बोललेच नाही." तिने ताटं कपाटात सरकवली. "कानात होतं म्हणून ऐकू आलं नाही, हे मी वर्षभर सांगत होते. एकाने मानलं नाही. डोळ्यांवर होतं म्हणून दिसलं नाही, हे एकदा म्हटलं. सगळ्यांनी मानलं."

"म्हणून माझा दात पाडलास?"

"दात नव्हता पाडायचा. तोंड बंद करायचं होतं."

"आई गेल्या, यामिनी. माझ्या एका दातावर ते फिटत नाही."

यामिनी आता वळली. तिचे हात ओले होते, ते तिने पुसले नाहीत.

"तो शुक्रवार होता, आठवतंय? इमारतीमागचे कापडाचे लूम सुट्टीमुळे बंद होते. एरवी त्या खडखडाटात माणूस ओरडला तरी समजत नाही. त्या दिवशी सुई पडली तरी ऐकू आली असती. माझ्या कानात होतं. भाऊंच्या कानात काही नव्हतं. भाऊ गॅलरीत पेपर वाचत होते. मीटिंग संपली, मी बाहेर आले, तर मला म्हणाले, बघ गं, ही मघापासून हाका मारतेय."

बाहेरच्या खोलीत आल्हादचा हात थांबला असावा. वायरीचा आवाज बंद झाला.

"मघापासून," यामिनी पुन्हा म्हणाली. "मी कुणाला सांगितलं असतं, तर काय म्हणाला असतात तुम्ही? सून स्वतःचं सासऱ्यावर ढकलते. तुम्हीच सगळ्यात आधी म्हणाला असतात."

ते खरं होतं आणि सुचेताने ते नाकारलं नाही. ती म्हणाली, "एवढं माहीत होतं तर त्यांना का मारलं नाहीस?"

"ते मला तोंडावर बोलत नव्हते. तुम्ही बोलत होतात. आणि त्या दिवसापासून त्यांची माझ्याकडे मान वर करून बघायची हिंमत झालेली नाही. मला तेवढं पुरत होतं."

सुचेता घरी आली तेव्हा भाऊ गॅलरीत बसले होते. तिने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. ती असं कधी बसत नसे.

"आई पडल्या तेव्हा तुम्हाला हाक ऐकू आली होती?"

भाऊंनी खाली रस्त्यावर बघितलं. कापडाचे गठ्ठे लादलेला टेम्पो वळणावर अडकला होता आणि मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. तो टेम्पो निघेपर्यंत ते बघत राहिले.

"आली."

"मग?"

"वाटलं, यामिनी उठेल. आयुष्यभर हिच्या हाकेला कुणीतरी उठतच होतं. माझी वेळ कधी आली नव्हती."

सुचेताला त्यांची कीव आली नाही. तिला आठवलं ते कोमट दूध. वर्षभर हा माणूस तिच्या हातचं कोमट दूध पीत होता, आणि ती पाहुण्यांना यामिनीचं सांगत असताना शेजारीच बसून खाली बघत होता. ते दुःख आहे, असं तिला वाटायचं. तिच्या तोंडाने त्यांनी स्वतःला लपवलं होतं. दात यामिनीने पाडला, पण बोलती तिला भाऊंनी ठेवली होती.

तिने त्या संध्याकाळी कुणालाच काही सांगितलं नाही. केदारने दोनदा विचारलं, ती पोळ्या लाटत राहिली.

पुढच्याच महिन्यात आनंदीबाईंचं वर्षश्राद्ध आलं. ते केदारकडे झालं. पडघ्याहून भाऊंच्या थोरल्या बहीण आक्का आल्या, चार जवळची माणसं आली. भटजी जेवून गेले आणि घरच्यांची पंगत बसली. सुचेता आणि यामिनी वाढत होत्या, एक भात घेऊन, एक आमटी घेऊन. दोघी एकमेकींच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने.

आक्का ऐंशीच्या पुढच्या, पण जीभ धारदार. यामिनी पुढे सरकल्यावर त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आनंदी बिचारी आणखी दहा वर्षं जगली असती. हीच ना ती, कानात घालून बसलेली?"

सगळ्यांनी सुचेताकडे बघितलं. तिचंच वाक्य होतं ते, पुढचं तिने उचलायचं, असं ठरल्यासारखं होतं. यामिनी आमटीचा डाव धरून उभी राहिली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"भाऊही घरात होते, आक्का," सुचेता म्हणाली. "गॅलरीत. त्यांच्या कानात काही नव्हतं. त्यांना हाका ऐकू आल्या होत्या."

भाऊंचा हात भातावर थांबला.

"काय बोलतेस तू?" आक्का म्हणाल्या.

"मी वर्षभर चुकीचं बोलत होते. आज बरोबर बोलतेय. त्यांनाच विचारा."

आक्कांनी भावाकडे बघितलं. "खरं का रे?"

आल्हादने मान वर केली नाही. त्याने त्या दिवशी हॉलमध्ये बसून सगळं ऐकलं होतं आणि आजपर्यंत बापाला एक शब्द विचारला नव्हता. केदार म्हणाला, "सुचेता, आज नको."

"खरं आहे," भाऊ म्हणाले.

आक्का पान टाकून उठल्या. श्राद्धाचं पान. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. बेसिनवर त्यांनी हात धुतले, पिशवी उचलली आणि आल्हादला म्हणाल्या, "मला एसटी स्टँडवर सोड." आल्हाद लगेच उठला. त्याला तिथून निघायचंच होतं. वाटेत रिक्षात तो रडला, असं आक्कांनी नंतर फोनवर सांगितलं. भाऊंशी मात्र त्या बोलल्या नाहीत.

पाहुणे पांगल्यावर केदार चिडला. असा चिडलेला तो सुचेताने कधी बघितला नव्हता. "बाप आहे माझा. लोकांसमोर बोलायची काय गरज होती?"

"वर्षभर लोकांसमोरच बोलले. यामिनीबद्दल बोलले तेव्हा तू काही म्हणाला नाहीस."

"ते वेगळं होतं."

"हो. ते खोटं होतं."

तो बेडरूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

यामिनी उरलेल्या आमटीचं पातेलं रिकामं करत होती. ते घासून तिने पालथं घातलं आणि निघताना दारात थांबली. "माझ्यासाठी बोललात, असं आल्हादला वाटतंय. मी त्याला सांगितलंय, तसं समजू नकोस."

"तुझ्यासाठी नाही बोलले. त्यांच्याविरुद्ध बोलले."

"मग ठीक आहे," यामिनी म्हणाली. "ठोशाबद्दल मी माफी मागणार नाही."

"मागू नकोस. मी देणार नाही."

यामिनीने मान हलवली, जणू व्यवहार पक्का झाला. ती समोर गेली आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

भाऊ आहेत तिथेच आहेत. आक्का त्यांना पडघ्याला ये म्हणत नाहीत आणि आल्हाद समोरच्या चहाला बोलावत नाही. सुचेता त्यांचं ताट वेळेवर वाढते, भाजीत मीठ कमी घालते. ताट ठेवलं की थांबत नाही. एकदा ते म्हणाले, "सूनबाई, चुकलं माझं." तिने ऐकलं आणि पाण्याचा तांब्या भरून आणला.

आल्हादला तो हेडसेट विकून टाकायचा होता. यामिनीने विकू दिला नाही. कामावरून आली की ती दार लावून खेळते. तिच्या पावलांचे धपधप आवाज जिन्यापर्यंत येतात. खालच्या मजल्यावरच्या क्षितिजाबाई तक्रार घेऊन वर आल्या तेव्हा त्यांनी आधी सुचेताची बेल वाजवली.

"तुमच्या जाऊबाईंना सांगा जरा," त्या म्हणाल्या. "केवढा आवाज तो."

"आम्ही बोलत नाही," सुचेता म्हणाली. "तुम्हीच सांगा. पण आत गेलात तर तिच्यापासून लांब उभ्या राहा."